ठशात नख उमटलं, म्हणजे बिबट्या नाही?

इंदूरजवळच्या रालामंडल अभयारण्याच्या बाजूला नवं घर बांधून राहायला गेलेल्या एका ताईंचा प्रश्न आहे. रात्री पाऊस पडला आणि सकाळी मागच्या आवारात चिखलात पंजाचे ठसे दिसले. चौकीदाराने बघताक्षणी सांगून टाकलं, ‘तेंदुआ है, मॅडम.’ शेजारच्या काकांनी चष्मा लावून पाहिलं आणि एका ठशापुढे उमटलेली नखांची टोकं दाखवली. मांजरकुळातले प्राणी नखं आत घेऊन चालतात, ठशात नख दिसलं की समजायचं कुत्रा, असं काकांचं म्हणणं. त्यात आवारातल्या कडुनिंबाच्या बुंध्यावर ओरखडेही सापडले, तेही चौकीदाराच्या मते बिबट्याचेच. ताईंनी तीन फोटो टाकलेत आणि विचारलंय: दोघांपैकी खरं कोण? नखं ‘आत जातात’ म्हणजे नेमकी कुठे जातात? मग कुनो राष्ट्रीय उद्यानातल्या चित्त्यांची नखं बाहेर कशी? आणि जाता जाता, सासूबाईंच्या डब्यात सोन्यात मढवलेलं एक जुनं वाघनख आहे, त्याचं काय करायचं?

मी पशुवैद्य आहे. महूला शिकलो, आणि गाई-म्हशी, कुत्री-मांजरं यांच्या जोडीला पकडलेल्या बिबट्यांची तपासणी, वन्यप्राण्यांवरचे उपचार, मारलेल्या गुरांचे पंचनामे ही कामं बरीच वर्षं केली. विषय आवडीचा आहे, तेव्हा उत्तर थोडं लांबणार.

ताई, तुमचा खरा प्रश्न नखांचा नाहीच. संध्याकाळनंतर मुलांना मागच्या दारी सोडायचं की नाही, हा आहे. त्याचं उत्तर ठशावर अवलंबून ठेवू नका. रालामंडल, चोरल, महू या सगळ्या पट्ट्यात बिबट्या असतो, हे धरूनच तिथे राहायचं. 2023 च्या मे महिन्यात तर महूच्या लष्करी परिसरात चक्क वाघ कॅमेऱ्यात दिसला होता. अंधार पडल्यावर लहान मूल एकटं बाहेर नको, कुत्रा रात्री अंगणात बांधून ठेवायचा नाही, खरकटं कुंपणापाशी टाकायचं नाही (त्यावर भटकी कुत्री येतात आणि कुत्र्यांच्या मागावर बिबट्या), मागच्या बाजूला दिवा हवा. एवढं पाळलं तर ठसा कुणाचाही निघो, तुमचं फारसं काही बिघडत नाही.

आता फोटो बघू.

पहिल्या फोटोत सपाट चिखलातले दोन ठसे आहेत. शेजारी काडेपेटी ठेवलीत, हे फार बरं केलंत. माप नसेल तर नुसत्या फोटोवरून घरचं मांजर की वाघ हेसुद्धा सांगता येत नाही. काडेपेटीची लांबी पाच सेंटिमीटरच्या आसपास धरली, तर ठशाची रुंदी साडेसहाच्या जवळ येते. एवढा ठसा मोठ्या कुत्र्याचाही असतो आणि लहानखुऱ्या बिबट्याचाही, म्हणून मापावर निकाल लागत नाही, घडण बघावी लागते. मागची गादी, म्हणजे तळव्याचा मऊ भाग, बोटांच्या मानाने चांगली मोठी आहे आणि तिच्या मागच्या कडेला तीन गोलसर फुगवटे स्पष्ट दिसतात. कुत्र्याची गादी लहान आणि त्रिकोणी असते. शिवाय कुत्र्याची मधली दोन बोटं बरोबरीने पुढे असतात. ठशाच्या मधोमध रेघ ओढली तर डावी-उजवी बाजू जवळजवळ सारखी पडते. तुमच्या ठशात एक बोट दुसऱ्याच्या स्पष्ट पुढे आहे, आणि रेघ कशीही ओढा, दोन बाजू जुळत नाहीत. नखांचं नावही नाही.

दुसरा फोटो काकांच्या नखांचा. तो ठसा सपाटीवर नाही, टाकीच्या बाजूच्या उतारावर आहे. बोटं फाकली आहेत, गादी पुढे घसरली आहे आणि बोटांपुढे चिखलाची छोटी वळी जमली आहे. जनावर उतरताना सटकलं आणि त्याने पकड घ्यायला नखं बाहेर काढली. त्या खुणा मोठ्या करून बघा: बारीक आणि टोकदार, सुईने टोचल्यासारख्या. कुत्र्याचं नख रस्त्यावर घासून बोथट झालेलं असतं, त्याची खूण जाड आणि बोटाला लागून उमटते. तेव्हा माझा कौल चौकीदाराच्या बाजूने: बिबट्या, बहुधा मादी किंवा पुरता न वाढलेला नर. अर्थात हे फोटोवरून. जागेवर आठ-दहा ठसे सलग बघायला मिळाले असते तर मादी-नराबद्दलही जास्त ठामपणे बोललो असतो.

काका मात्र अगदीच चुकलेले नाहीत. घट्ट जमिनीवर, सावकाश चालीत बिबट्याचं किंवा वाघाचं नख ठशात उमटत नाही, हा नियम चांगलाच आहे. पण तो चालीचा नियम आहे. उतार, निसरडा चिखल, उडी, धाव यांत तो मोडतो. म्हातारं, नखं अवाजवी वाढलेलं किंवा बोटाला इजा झालेलं जनावरही त्याला अपवाद ठरतं. उलट बाजूने, कडक कोरड्या मातीत कुत्र्याची नखं उमटतच नाहीत आणि लोक घाबरून वनविभागाला फोन लावतात. माळव्यात तरसही आहे, त्याची नखं कायम बाहेर. त्याचा पुढचा ठसा मागच्यापेक्षा बराच मोठा असतो, त्यावरून तो ओळखू येतो. थोडक्यात, आधी गादी आणि बोटांची मांडणी बघायची, नखांकडे सगळ्यात शेवटी वळायचं.

नखं आत जातात कुठे, हा प्रश्न मला जास्त आवडला, कारण त्यातच बाकीची उत्तरं आहेत. बहुतेकांची समजूत अशी, की नखं मुळात बाहेर असतात आणि वाघ ती ‘आत ओढून’ घेतो. घडतं नेमकं उलट. नख ज्या हाडावर बसलेलं असतं ते बोटाचं शेवटचं पेर. हे पेर एका लवचीक बंधाने वर आणि मागे धरून ठेवलेलं असतं, मधल्या पेराच्या कुशीत. मधलं पेर त्यासाठी एका बाजूने खोलगट घडलेलं असतं, म्हणजे नखाचं पेर त्याच्या शेजारी नीट बसतं. वरून कातडीची घडी येते आणि टोक झाकलं जातं. जनावर झोपलेलं असो, चालत असो, नख या जागी राहायला कसलेही कष्ट पडत नाहीत. ते बाहेर काढायचं असेल तेव्हा मात्र पायाच्या मागच्या बाजूचे स्नायू आखडतात, स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा ताणली जाते, बोट ताठ होतं आणि शेवटचं पेर पुढे-खाली फिरतं. कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखं: सोडला की आपोआप मिटलेला, जोर लावाल तोवरच उघडा. घरी मांजर असेल तर तिच्या बोटावर वरून-खालून हलकेच दाबा, नख फिरून पुढे येईल. सोडलंत की परत जागेवर. भूल दिलेल्या बिबट्याच्या पंजावर मी हेच करतो, फरक एवढाच की नख बाहेर यायला अंगठ्याचा बऱ्यापैकी जोर लागतो.

या रचनेचा फायदा उघड आहे. जमिनीवर घासलं नाही म्हणून नख टोकदार राहतं, आणि गादीवर चाललं म्हणून पावलाचा आवाज होत नाही. पुढच्या पायाला पाच नखं, मागच्याला चार, एकूण अठरा. पुढच्या पायाचं पाचवं, अंगठ्याचं नख, मनगटाच्या आतल्या बाजूला वर असतं. ते जमिनीला टेकत नाही, म्हणून ठशात चारच बोटं दिसतात. हे नख लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता चित्ता. 17 सप्टेंबर 2022 ला नामिबियाहून आठ चित्ते कुनोत आले, फेब्रुवारी 2023 मध्ये दक्षिण आफ्रिकेहून बारा, आणि एप्रिल 2025 मध्ये त्यांच्यातले दोन आपल्या बाजूला, गांधीसागर अभयारण्यातही सोडले. तेव्हापासून ‘चित्त्याची नखं आत जात नाहीत’ हे वाक्य जो तो ऐकवतो. ते अर्धंच खरं आहे. नख थोडंफार मागे जातं, पण ते झाकणारी कातडीची घडी चित्त्याला नाही. त्यामुळे टोकं उघडी राहतात, जमिनीवर घासून बोथट होतात आणि ठशात उमटतात. पळताना जमिनीवर पकड मिळायला ती उपयोगी पडतात. अंगठ्याचं नख मात्र जमिनीला लागत नाही, म्हणून ते मोठं आणि धारदारच राहतं. भरधाव पळणाऱ्या काळविटाच्या मागच्या भागाला चित्ता ते अडकवतो आणि त्याचा तोल घालवतो. उरलेलं काम दात करतात. काकांना हेही सांगा, की चित्ता मांजरकुळातलाच, पण त्यांच्या नियमाने तो कुत्रा ठरेल.

‘दात करतात’ असं म्हटलं, त्यावर जरा थांबतो, कारण सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. आपण मराठी माणसं वाघनख हा शब्द प्रतापगडाच्या गोष्टीतून शिकतो. 1659, अफजलखान, पोट फाडणारं शस्त्र. साहजिकच खऱ्या वाघाबद्दलही डोळ्यांसमोर तेच येतं: पंजा मारला की चिरफाड. प्रत्यक्षात वाघ-बिबट्यांची नखं मुख्यतः धरायला असतात. मारणारं हत्यार म्हणजे सुळे. लहान शिकार मानेवर चावून, मोठी गळा दाबून धरून गुदमरवून मारतात. पण गळा पकडायचा तर आधी ते धडपडणारं जनावर जागेवर राहायला हवं, आणि तोंड योग्य ठिकाणी पोचेपर्यंत खुरांपासून, शिंगांपासून वाचायला हवं. ते काम पुढचे पाय करतात. नख आकडीसारखं वळलेलं असल्यामुळे शिकार जितकी ओढ घेते तितकं ते रुतत जातं, आणि अंगठ्याचं नख समोरून येऊन पकड पक्की करतं.

पंचनाम्यात हे स्वच्छ दिसतं. शेतकरी म्हणतो बिबट्याने वासरू मारलं, भरपाई त्यावर अवलंबून असते, आणि कधीकधी मारणारी गावातली कुत्रीच असतात. वरवर बघून चालत नाही. गळ्याची कातडी सोलून आतून बघायची. बिबट्याने मारलं असेल तर सुळ्यांची खोल भोकं आणि त्यांच्याभोवती साकळलेलं काळपट रक्त सापडतं. म्हणजे चावा जिवंतपणी बसला. मेलेल्या जनावराला नंतर कुणी खाल्लं असेल तर असं रक्त साकळत नाही. मग खांद्यावर आणि पाठीच्या बाजूला केस उलटे करून बघायचं: नखांच्या बारीक, समांतर चिरा, कधी तीन-चार, कधी एखादीच, आणि त्याही बऱ्याचदा कातडीपुरत्याच. शंभर-दीडशे किलोचं जनावर खाली पाडलेलं असतं आणि नखांच्या खुणा एवढ्याशा, हे पहिल्यांदा बघणाऱ्याला पटत नाही. कुत्र्यांचा प्रकार वेगळाच: मागच्या मांड्या, शेपटीचं मूळ, पोट, सगळीकडे ओबडधोबड चावे आणि नखांची पकड कुठेच नाही.

नखांनी खरोखर तोंड ओरबाडणारं जनावर बघायचं तर ते अस्वल. त्याची नखं लांब, कायम बाहेर, वारूळ खणायला बनलेली. अस्वलाच्या हल्ल्यातल्या माणसाचा चेहरा एकदा पाहिला की वाघनखाची दहशत जरा कमी होते. असो.

तिसरा फोटो, कडुनिंबाचा. इथे चौकीदाराचं मत मला मान्य नाही. वाघ-बिबटे झाडं ओरबाडतात हे खरं. मागच्या पायांवर उभं राहून, नखं रुतवून, वरून खाली ओढतात. बोटांमधल्या ग्रंथींचा वास सालीवर राहतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्या इतर बिबट्यांना खूणही दिसते, म्हणजे हद्दीचा बोर्ड लागला. पण त्या रेघा लांब, उभ्या, एकाच उंचीवर दाटलेल्या असतात. बिबट्याच्या बाबतीत साधारण आपल्या कमरेपासून छातीपर्यंत. वाघाच्या कधी माणसाच्या डोक्याच्याही वर. झाडावर चढल्याच्या खुणा निराळ्या: आखूड, खोल टोचे, खालपासून वरपर्यंत अंतराअंतराने. तुमच्या फोटोतले ओरखडे गुडघ्याच्या उंचीला आहेत, आणि दोन रेघांमधलं अंतर काडेपेटीतल्या काडीच्या दोन-तीन जाडींएवढं. बिबट्याच्या रेघा इतक्या जवळ पडणार नाहीत. हे काम कॉलनीतल्या एखाद्या बोक्याचं.

खात्री करायची असेल तर बुंध्याशी वाकून बघा. नख वाढतं तसं त्याचं बाहेरचं जुनं आवरण सैल होतं आणि ओरबाडताना निघून पडतं. आतून नवं टोकदार नख निघतं. लोक म्हणतात बिबट्या झाडावर नखं ‘पाजळतो’, पण धार लावण्यापेक्षा साल काढण्याचाच तो प्रकार जास्त. पडलेलं आवरण चंद्रकोरीच्या आकाराचं, पोकळ, पातळ आणि किंचित पारदर्शक असतं. बोक्याचं तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडं मोठं. बिबट्याचं असेल तर शंकाच राहणार नाही. सापडलं तर फोटो काढा, तिथेच राहू द्या आणि वनविभागाला कळवा. शोभेसाठी घरात आणू नका, कारण खाली सांगतो.

पिंजऱ्यात वाढलेल्या म्हाताऱ्या जनावरांत हे आवरण वेळेवर निघत नाही. हालचाल कमी, ओरबाडणं कमी. तिथे सगळ्यात आधी त्रास देतं ते अंगठ्याचं नख, कारण त्याची झीज जवळजवळ होतच नाही. ते वळत वळत गोल होतं आणि टोक शेवटी मांसात घुसतं. जनावर लंगडतं, पंजा सारखा चाटतं, जखमेला वास सुटतो. मग भूल देऊन नख कापायचं, टोक उपसून काढायचं, जखम धुऊन औषध भरायचं. कापतानाही मुळापर्यंत जाता येत नाही. नखाच्या आत रक्तवाहिनी आणि नस असते, ती लागली तर रक्त थांबता थांबत नाही. पट्टी बांधण्यात अर्थ नसतो, शुद्धीवर आल्यावर पहिलं काम ती फाडायचं. यावर खरा उपाय स्वस्त आहे: पिंजऱ्यात जाड सालीचे ओंडके ठेवायचे, काही उभे, काही आडवे, आणि झिजले की बदलायचे.

तुम्ही विचारलं नाहीत, पण बिबट्यांच्या भागात राहणाऱ्याने हे माहीत करून घ्यावं. ‘त्याच्या नखांत विष असतं’ हे खोटं. पण शिळं मांस, माती आणि स्वतःची लाळ नखांना लागलेली असते, त्यामुळे जखम चिघळते. नखाचा ओरखडा उठून रक्त आलं, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, हळद-चुना काही भरायचं नाही, आणि लगेच दवाखाना गाठायचा: रेबीजची लस, जखमेत द्यायचं रेबीजचं इम्युनोग्लोब्युलिन, धनुर्वाताचं इंजेक्शन. चावा नाही, नुसतं नख लागलंय, म्हणून लस टाळणारे भेटतात. तसं करू नका.

राहिलं सासूबाईंचं वाघनख. होळकरांच्या वेळेपासून इंदुरात असलेल्या बऱ्याच मराठी घरांत अशी वस्तू निघते. लहान मुलाला नजर लागू नये, तो धीट व्हावा म्हणून गळ्यात घालायचे. वाघ आणि बिबट्या दोन्ही 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांचं नख विकणं, विकत घेणं, लग्नामुंजीत भेट देणं हा गुन्हा आहे, आणि जवळ ठेवायचं तरी वनविभागाचं मालकी प्रमाणपत्र लागतं. 2003 मध्ये अशा जुन्या वस्तू जाहीर करायला सरकारने 180 दिवसांची मुदत दिली होती. तेव्हा कुणी अर्ज केला होता का, सासऱ्यांच्या कागदपत्रांत प्रमाणपत्र आहे का, हे आधी शोधा. नसेल तर सराफाकडे ‘खरं आहे का बघा’ म्हणून घेऊन जाऊ नका. ओळखीच्या वकिलाशी बोला आणि त्यांच्यामार्फत वनविभागाकडे जा.

ते खोटं असण्याचीही बरीच शक्यता आहे. गुरांच्या शिंगापासून आणि खुरांपासून घडवलेली नखं पूर्वीपासून सर्रास विकली जातात. खऱ्या नखाच्या मुळाशी आत हाड असतं, पण सोन्याच्या कोंदणात नेमका तोच भाग झाकलेला असतो, म्हणून घरबसल्या ठरवता येत नाही. अशी तपासणी देहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत होते, आणि तीही वनविभागामार्फतच.

आणि पुन्हा ठसे दिसले तर एवढं करा. एका ठशाचा फोटो सरळ वरून घ्या, शेजारी काडेपेटीऐवजी पट्टी ठेवा. मग दोन पावलं मागे सरकून सलग चार-पाच ठसे एकाच चौकटीत येतील असा दुसरा फोटो घ्या, म्हणजे ढांगेचं मापही मिळेल. ऊन चढायच्या आत घ्या, तिरप्या उजेडात ठशाच्या कडा नीट दिसतात. उतारावरचे ठसे सोडून द्या; तिथून पुन्हा नखांचाच वाद निघेल.